रशियन फोंकचा फाटका बास आला कुठून?

ड्रिफ्ट फोंक हा रशियात घडलेला इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकार. त्यातला बास फाटलेला (डिस्टॉर्टेड) वाटतो, आणि तो मुद्दाम फाडलेला असतो. त्याचं मूळ मात्र अमेरिकेतल्या मेम्फिसचं. १९९० च्या दशकात तिथले रॅपर घरच्या घरी कॅसेटवर रेकॉर्डिंग करत, आणि कॉपीची कॉपी निघताना आवाज आणखी खरखरीत होई. तो नाइलाज होता. २०१० नंतर स्पेसघोस्टपर्प या अमेरिकी रॅपरने त्याच मळकट आवाजाला ‘फोंक’ हे नाव रूढ केलं.

रशियाचाच दुसरा नाचाचा प्रकार, सेंट पीटर्सबर्गचा हार्डबास, याहून जुना, पण त्याचा वंश वेगळा, युरोपातल्या हार्ड हाउस या क्लब संगीताचा. फोंक रशियन तरुणांनी उचलला तो २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ड्रिफ्टिंगच्या, म्हणजे गाडी आडवी घसरवत चालवण्याच्या, व्हिडिओंसाठी. मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या जुन्या लाडा गाड्या तिथे बर्फावर सहज आडव्या फिरतात. त्या दृश्यांना शोभेल अशी लय हवी होती, म्हणून ठोके वाढले आणि काउबेल, म्हणजे गायीच्या घंटेसारखा टणटणीत आवाज, पुढे आली.

ही काउबेल १९८० च्या रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनची. तिच्यात सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्‌झचे दोन स्वर एकत्र वाजतात. अंतर जवळजवळ षड्ज-पंचमाचं, फक्त पंचम किंचित उतरलेला. गंमत म्हणजे ५४० हर्ट्‌झ पाश्चात्त्य सी आणि सी शार्प यांच्या मधोमध पडतो. तिचं सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) सुमारे ५० सेंट, म्हणजे सी ते सी शार्प या अंतराच्या निम्मं, सरकवून घेतलं नाही, तर काउबेलवरची चाल बासशी बेसूर होते. नवशिक्यांची ट्रॅक बहुतेक इथेच बिघडते.

आता बास. फोनचा चिमुकला स्पीकर ५० हर्ट्‌झसारखा खोल स्वर वाजवूच शकत नाही. नुसता आवाज वाढवला तर फोनवर काहीच वाढत नाही, स्पीकर तेवढा थरथरतो. तरंगाची टोकं छाटली, म्हणजेच बास फाडला, की मात्र १५०, २५०, ३५०, ४५० असे वरचे स्वर तयार होतात. त्यातले वरचे फोनवर ऐकू येतात आणि त्यांवरून कान खालचा स्वर ताडतो. म्हणून बासच्या दोन प्रती करतात: १०० हर्ट्‌झखालची स्वच्छ आणि मोनो (डाव्या-उजव्या बाजूला सारखीच), वरची फाडलेली. अख्खं मिश्रण एकदम फाडलं तर काउबेलचाही चिखल होतो.

२०२१ मध्ये टिकटॉकवरून हा प्रकार जगभर गेला, आणि तिथे बहुतेकांनी तो फोनवरच ऐकला.