आमच्या कापडावरील चतुर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हातठशांनी छापलेले आमचे कापड पाहताना ग्राहक बहुधा दोन शंका विचारतात : चतुराच्या प्रत्येक पंखाच्या टोकाशी गडद ठिपका का आहे, आणि मागचे पंख पुढच्या पंखांपेक्षा रुंद का आहेत. हे छपाईतील दोष नाहीत. चतुर जसा असतो तसाच तो लाकडात कोरला जावा, असा आमचा आग्रह आहे.

चतुर आणि टाचणी हे एकाच गणातील कीटक असल्यामुळे नक्षीकामात त्यांची अनेकदा सरमिसळ होते. टाचणीचे चारही पंख जवळजवळ सारखे असतात आणि बसल्यावर ती ते बहुधा पाठीवर मिटून घेते. चतुराचे मागचे पंख मात्र बुडाशी रुंद असतात आणि तो बसला तरी पसरलेलेच राहतात. टोकाजवळचा ठिपका म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवरील जाडसर, किंचित जड असा भाग होय. पंख न हलवता तरंगताना एका ठरावीक वेगानंतर ते थरथरू लागतात. या इवल्याशा वजनामुळे ती मर्यादा १० ते २५ टक्क्यांनी वाढते, असे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवून देण्यात आले. इतक्या कामाचा ठिपका वगळणे आम्हाला पटले नाही.

नमुना म्हणून आम्ही पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स हा सोनेरी-पिवळा चतुर निवडला आहे. पावसाळा सरत आला की आपल्याकडे मैदानांवर आणि माळांवर ज्यांचे थवे घिरट्या घालताना दिसतात, तोच हा. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांतही त्याची पिल्ले वाढतात. ऑक्टोबरच्या सुमारास हे चतुर वाऱ्याच्या साथीने समुद्र ओलांडून मालदीवमध्ये उतरतात आणि तेथून पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे अभ्यासकांचे मत आहे. बोटभर लांबीच्या जिवाने असा प्रवास करावा, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

काठावरील सर्व चतुर एकाच दिशेला तोंड करून आहेत, ही कल्पना जपानमधील आहे. तेथे चतुराला ‘काचिमुशी’, म्हणजे विजयाचा कीटक म्हणतात. तो पुढेच झेपावतो, माघार घेत नाही, या समजुतीमुळे सामुराई योद्धे त्याची आकृती शिरस्त्राणांवर मिरवत. यामानाशी प्रांतात हरणाच्या चामड्यावर लाखेने चतुर उमटवण्याची कला अजूनही टिकून आहे. पंखांची पारदर्शकता दाखवण्याचा धडा मात्र फ्रेंच जवाहीर रने लालिक यांच्याकडून मिळाला. त्यांनी १८९७-९८ च्या सुमारास घडवलेल्या चतुर-स्त्रीच्या दागिन्यात पंखांच्या मिन्याला मागून धातूचा पत्रा नाही, त्यामुळे उजेड त्यातून आरपार जातो. आम्ही शिरांमधली जागा न छापता कोरी सोडतो, ती याच विचाराने.

ठसा प्रत्येक वेळी हातानेच टेकवला जात असल्यामुळे दोन चतुरांमधील अंतर किंचित कमीजास्त असू शकते. पहिली धुलाई थंड पाण्यात वेगळी करावी, कापड सावलीत वाळवावे आणि शिरांच्या बारीक रेषा जपण्यासाठी इस्त्री उलट बाजूने फिरवावी.