माजी फुटबॉलपटूचे क्लबात परतणे

खेळातून निवृत्त झालेला फुटबॉलपटू ज्या क्लबाकडून खेळला, त्याच क्लबात मैदानाबाहेरच्या कामासाठी पुन्हा रुजू होण्याची प्रथा. हे काम संचालकाचे असेल, अकादमीप्रमुखाचे असेल, नवी पोरे हेरणाऱ्या स्काउटचे असेल किंवा टीम मॅनेजरचे. सामन्याच्या सकाळी जर्सी मोजून पिशवीत भरणाऱ्या किटमनचेही असेल. मुख्य प्रशिक्षकपद या नोंदीत कडेला ठेवले आहे. प्रशिक्षकाची नोकरी मागच्या चार निकालांवर टिकते किंवा जाते. इथे ज्या कामांचा विचार केला आहे त्यांचे फळ दिसायला चार-पाच हंगाम लागतात.

युरोपातील उदाहरणे

जर्मनीच्या बायर्न म्युनिकने ही प्रथा सर्वांत मन लावून जोपासली. उली होनेस यांना गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९७९ मध्ये, सत्ताविशीतच, खेळ सोडावा लागला आणि त्याच वर्षी ते क्लबाचे व्यवस्थापक झाले. पुढे फ्रान्झ बेकेनबाउर १९९४ ते २००९ अध्यक्ष होते, तर कार्ल-हाइन्झ रुमेनिगे २०२१ पर्यंत कारभार पाहत होते. त्यांच्या जागी गोलरक्षक ऑलिव्हर कान आले. मे २०२३ मध्ये, बायर्नने लीग जिंकली त्याच दिवशी, कान यांना पदावरून दूर केल्याची बातमी आली. जुन्या खेळाडूला घर मिळते म्हणून त्याची खुर्ची पक्की होते असे नाही.

नेदरलँड्सच्या आयाक्समध्ये एडविन व्हान डर सार १९९० ते १९९९ गोलरक्षक होते. २०१२ मध्ये ते विपणनाच्या कामासाठी परतले, २०१६ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि २०२३ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, २०१९ साली, आयाक्सने चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. इंग्लंडच्या चेल्सीत जुने गोलरक्षक पेत्र चेक २०१९ मध्ये सल्लागार म्हणून परतले. कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, गरज पडलीच तर असावा म्हणून क्लबाने त्यांचे नाव पुन्हा खेळाडूंच्या यादीत घातले होते.

इटलीतील दोन घटना मात्र शांतपणे वाचण्यासारख्या आहेत. फ्रान्चेस्को तोत्ती आयुष्यभर रोमाकडूनच खेळले. २०१७ मध्ये निवृत्त होऊन ते त्याच क्लबाचे पदाधिकारी झाले आणि दोनच वर्षांत बाहेर पडले. निर्णयात आपल्याला सामील करून घेतले जात नाही, ही त्यांची उघड तक्रार होती. पावलो माल्दिनी २०१८ मध्ये एसी मिलानमध्ये परतले, पुढे तांत्रिक संचालक झाले. २०२२ मध्ये मिलानने ११ वर्षांनी इटालियन लीग जिंकली आणि २०२३ च्या जूनमध्ये माल्दिनी यांना निरोप देण्यात आला. एकाला अधिकार मिळालाच नाही, दुसऱ्याचा काम फळाला आल्यावर गेला. क्लबाला जुन्या खेळाडूचा चेहरा हवा आहे की त्याचे मत, हा प्रश्न रुजू होण्याच्या दिवशीच स्पष्ट विचारायला हवा, असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे.

मुंबई परिसर : परतायचे कुठे?

परतण्यासाठी आधी क्लब शिल्लक असावा लागतो. मुंबईत अनेक वर्षे फुटबॉल चालला तो संस्थांच्या संघांवर: विमान कंपनी, बँका, रेल्वे, तेल कंपनी, मोटारींचा कारखाना. खेळाडू तिथला कर्मचारीच असे. बूट उतरवले की तो टेबलावर बसे आणि संध्याकाळी संघाच्या कामाला लागे. त्याला पुनरागमन असे नाव कुणी दिले नाही, पण होते तेच.

ती साखळी तुटली. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि संपला. भारतीय संघाचे २०२५ मध्ये प्रशिक्षक झालेले खालिद जमील यांची खेळाडू म्हणून कारकीर्द याच तीन संघांत गेली. मुंबई एफसीत त्यांनी बूट उतरवले आणि २००९ पासून तिथेच प्रशिक्षकपद सांभाळले. आज त्यांना आपल्या जुन्या क्लबात जायचे म्हटले तर तिघांपैकी एकाचेही दार पूर्वीसारखे उरलेले नाही. ही हळहळ वाटण्याजोगीच गोष्ट आहे. ज्यांना वाट सापडली त्यांना ती शहराबाहेर सापडली: मुंबईचा बचावपटू डॅरेन कॅल्डेरा बेंगळुरू एफसीकडून खेळला आणि पुढे त्याच क्लबाचा फुटबॉल संचालक झाला.

ठाणे आणि नवी मुंबई

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने मोठे फुटबॉल भरपूर पाहिले. इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना २० डिसेंबर २०१४ रोजी इथेच झाला. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला इथेच ३-१ असे हरवले आणि २०२२ मध्ये मुलींच्या त्याच स्पर्धेचा अंतिम सामनाही इथेच रंगला. सुपर लीगमधल्या मुंबई सिटी एफसीचेही पहिले दोन हंगाम हेच घरचे मैदान होते. फ्रान्सचे निकोला अनेल्का २०१५ मध्ये या क्लबाचे एकाच वेळी खेळाडू आणि व्यवस्थापक होते, ते इथेच. नंतर क्लब अंधेरीला गेला. स्टेडियम राहिले, पण इथे वाढलेला आणि इथेच परत येणारा माणूस घडायला जेवढा काळ एका क्लबाने एका जागी राहावे लागते, तेवढा तो राहिला नाही. घणसोलीत २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे. तिथून बाहेर पडलेली मुले अजून खेळण्याच्याच वयात आहेत. ठाण्याचे दादोजी कोंडदेव स्टेडियम मुख्यतः क्रिकेटचे.

म्हणून या पट्ट्यात ही प्रथा दिसते ती वाशी, नेरूळ, खारघर, ठाणे येथल्या छोट्या क्लबांत. मैदान शाळेचे, पालिकेचे किंवा सिडकोचे, बरेचदा मुरमाचे. परतलेला खेळाडू दिवसा नोकरी करतो आणि ठाणे-वाशी लोकलने मैदानावर पोहोचतो. मानधन मिळाले तर मिळाले. फक्कीने रेषा आखण्यापासून रेफ्रीला पाणी देण्यापर्यंत सगळे त्याच्याकडे येते.

त्याचे खरे कसब पाहायचे तर हंगामाआधीच्या रविवारी जावे. प्लास्टिकच्या टेबलावर जन्मदाखले, आधारच्या झेरॉक्स आणि फोटोंचे गठ्ठे असतात. ही सगळी माहिती राष्ट्रीय महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत, म्हणजे रोजच्या बोलण्यात ‘सीआरएस’वर, चढवायची असते. नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे निघाले की अर्ज अडकतो. जाणता माणूस जन्मतारखेबरोबर खालची, नोंदणीची तारीखही वाचतो. मूल तेरा वर्षांचे आणि दाखल्याची नोंद मागच्याच वर्षीची असेल, तर तो कागद बाजूला ठेवतो आणि पालकांना शेजारी बसवून बोलतो. वयचोरी हा आपल्याकडच्या मुलांच्या फुटबॉलला लागलेला जुना रोग आहे. विश्वचषकाच्या पातळीवर त्यासाठी मनगटाचा एमआरआय काढतात. गल्लीच्या पातळीवर हा माणूस हीच पहिली चाळणी. तो स्वतः त्या वयात मोठ्या हाडाच्या मुलांकडून धक्के खाऊन आलेला असतो, त्यामुळे त्याला ही गोष्ट नुसती नियमाची वाटत नाही.

सर्वांत अवघड जाते ते नात्यातले अंतर. कालपर्यंत सगळे त्याला ‘अरे’ म्हणत. आता पोरे ‘सर’ म्हणतात आणि जुने सोबती दोन्हींच्या मध्ये अडखळतात. ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवला, त्यालाच ‘या वर्षी संघात तुझी जागा नाही’ हे सांगायचे असते. हे फोनवर किंवा ग्रुपवर मेसेज टाकून सांगू नये, मैदानावर भेटून सांगावे. जे तसे सांगतात त्यांच्याकडे वगळलेला खेळाडूही पुढच्या वर्षी मुलांना शिकवायला येतो.

महिला खेळाडूंचे परतणे अजून विरळ आहे, कारण महिलांचे संघ फार काळ टिकत नाहीत. पण जिथे एखादी माजी खेळाडू टीम मॅनेजर म्हणून येते, तिथे मुलींची संख्या वाढते. बाहेरगावच्या सामन्याला निघताना आया बसजवळ येऊन तिचा नंबर घेतात, आणि कुठल्या मैदानावर कपडे बदलायला बंद खोली आहे, कुठे नाही, हे तिने निघण्याआधीच फोन करून विचारलेले असते.