फळाचं चामडं: वाळवलेलं आणि वाढवलेलं

फळांच्या साली-चोथ्यापासून घरी ‘लेदर’ करायचं म्हणून कृती शोधायला गेलात की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाने समोर येतात. एका कृतीत गर वाटून, थापून वाळवायचा असतो. दुसरीत भांड्यावर फडकं बांधून तीन आठवडे वाट पाहायची असते. दोन्हीकडे शेवटी तपकिरी, लवचिक ताव हाती येतो, त्यामुळे घोटाळा होतो आणि एकीचे नियम दुसरीला लावले जातात.

फरक सांगायला एक वाक्य पुरतं. पहिल्यात फळ हेच चामडं होतं. दुसऱ्यात फळ हे फक्त जिवाणूंचं खाणं असतं.

पहिल्या प्रकाराचा सगळा भार पेक्टिनवर. वनस्पतीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा हा पदार्थ सफरचंदाच्या, आंब्याच्या आणि लिंबूवर्गीय फळांच्या सालींत भरपूर असतो. साली शिजवून मऊ वाटायच्या, अर्धा किलो लगद्याला एक-दोन चमचे ग्लिसरीन घालायचं, चार-पाच मिलिमीटर जाडीचा थर पसरायचा आणि ५० ते ६० अंश सेल्सिअसला सावकाश वाळवायचा. पाणी गेल्यावर पेक्टिनचे लांब रेणू एकमेकांना घट्ट धरतात. ते अतिघट्ट धरू नयेत म्हणून ग्लिसरीन: ते रेणूंच्या मधे शिरतं आणि हवेतलं थोडं पाणीही धरून ठेवतं. कमी पडलं तर ताव दुमडताच तडकतो, जास्त झालं तर बोटांना चिकटतो. प्रमाण पहिल्याच घाण्याला जमेल अशी आशा धरू नका.

इथे एक गैरसमज हमखास असतो, की फळ जितकं सडकं तितकं या कामाला बरं. उलट आहे. फळ अतिपिकलं की त्यातलीच विकरं (एन्झाइम्स) पेक्टिन तोडू लागतात. चिकटवणारा पदार्थच विरघळत गेला तर धरणार कोण? शिवाय गोड गरातली साखर ओल ओढते आणि दमट हवेत ताव पुन्हा चिकट होतो. म्हणून गर कमी, साली आणि चोथा जास्त. खाली विरळ विणीचं सुती कापड घातलं तर उत्तम, कारण लगद्यात लांब धागे नसतात आणि ताण सोसायला धागाच लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज, कापसाचा धागा ज्याचा असतो तोच पदार्थ. हा जिवाणू कोंबुचात, म्हणजे आंबवलेल्या गोड चहात, असतो आणि व्हिनेगरवर येणाऱ्या जाड सायीतही सापडतो. एड्रियन ब्राउन या रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्येच त्याच्या या करामतीचं वर्णन केलं होतं. आज त्याला कोमागाटाइबॅक्टर झायलिनस म्हणतात. फळांच्या साली उकळून पाणी गाळून घ्यायचं, लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम साखर आणि नायट्रोजनसाठी थोडी चहापत्ती घालायची. पूर्ण गार झालं की विरजण, म्हणजे जुन्या कोंबुचाचं आंबट पाणी आणि सायीचा तुकडा. २५ ते ३० अंशांत दोन ते चार आठवड्यांत एक-दीड सेंटिमीटरचा थर धरतो. जिवाणूला साखर द्रवातून आणि प्राणवायू हवेतून हवा असतो, म्हणून साय फक्त पृष्ठभागावर येते. भांडं जेवढं रुंद तेवढा ताव मोठा. रोज हलवून पाहणाऱ्याला मात्र एकसंध ताव मिळत नाही.

संत्र्या-लिंबाच्या साली, ज्या पहिल्या कृतीत सोन्यासारख्या, त्या इथे टाळाव्यात. त्यांतलं तेल सूक्ष्मजीवांना मारक ठरतं. आणि वर केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर खरवडून चालू ठेवू नका, सगळंच टाकून द्या.

त्या ओल्या सायीत ९८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. धुऊन लाकडी फळीवर वाळवली की ती कागदाएवढी पातळ होते. पण तो कागद अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीचा असतो, म्हणून वाळलेल्या गरापेक्षा कितीतरी चिवट.

बाजारातली उदाहरणंही अशीच वाटली जातात. टाकाऊ आंब्यांपासून ताव करणारी नेदरलँड्समधली कंपनी ‘फ्रूटलेदर रॉटरडॅम’ पहिल्या बाजूची. नारळपाण्यावर जिवाणू वाढवणारी केरळातली ‘मलाई’ दुसऱ्या बाजूची. ‘पिन्याटेक्स’ दोन्हींत नाही. ते अननसाच्या पानांतल्या धाग्यांचं, फळाचं नव्हे.

काटेकोर बोलायचं तर यांतलं काहीच चामडं नाही. चामडं म्हणजे कमावलेलं कातडं. कमावताना त्यातले कोलाजेन या प्रथिनाचे धागे रसायनांनी कायमचे बांधले जातात. घरच्या या तावांत तशी गाठ नाही, म्हणून पाणी दोघांचाही शत्रू. मेण किंवा तेल चोळून थोडा बचाव होतो, पावसात नेण्याइतका नाही.

हातातला तुकडा कुठला हे पाण्यानेच कळतं. वाटीत टाकून ठेवा: गराचा ताव फुगून लिबलिबीत होतो आणि विरघळू लागतो, जिवाणूंचा फुगतो, बुळबुळीत होतो, पण ओढला तरी तुटत नाही.

दिव्याची शेड, वहीचं आवरण, शिवण नसलेलं काहीही करायचं असेल तर गराचा ताव पुरे, दोन-तीन दिवसांत हाती येतो. सुई मात्र त्याला सोसत नाही, टाक्यांच्या ओळीवरच फाटतो. बटवा करायचा असेल तर जिवाणूंकडे जा. तिथे सुईही लागत नाही: ओल्या सायीच्या दोन कडा एकमेकींवर ठेवून वाळू द्या, त्या आपोआप जुळतात.