नियमात लपलेली गोष्ट: खेळातून रामायण-महाभारत शिकवण्याची पार्श्वभूमी

मुलांना महाभारत खेळातून शिकवायचं म्हटलं, की पहिली आडकाठी महाभारतच घालतं. सभापर्वात युधिष्ठिर फाशांपायी राज्य, भाऊ आणि द्रौपदी हरतो. वनपर्वात नळराजाचीही तीच गत होते. गंमत म्हणजे, नळाची गोष्ट सांगून झाल्यावर बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला ‘खेळ सोड’ म्हणत नाहीत, उलट अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकवतात. त्याच पर्वाच्या शेवटी तळ्याकाठी यक्ष प्रश्न विचारतो आणि युधिष्ठिराच्या उत्तरांवर चारही भाऊ उठून बसतात. आजच्या प्रश्नमंजूषांचा मूळपुरुष शोधायचाच तर तो हा यक्ष.

घरोघरच्या पाठांतरातही खेळ होता. भेंड्या हल्ली गाण्यांच्या असतात. पूर्वी त्या श्लोकांच्या, आर्यांच्या लावत. अक्षरांना अंक देणाऱ्या ‘कटपयादि’ पद्धतीने ‘ज’चे ८ आणि ‘य’चा १, उलट क्रमाने वाचले की १८. महाभारताचं नाव ‘जय’, पर्वं १८, युद्धाचे दिवस १८. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) तर १०८ रामायणं रचल्याचं परंपरा सांगते आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःची एक अट आहे. ‘निरोष्ठ’ रामायणात ओठांना ओठ लावून उच्चारायचं एकही अक्षर चालत नाही. म्हणजे रामायण सांगायचं, पण ‘राम’ म्हणायचं नाही!

पण खरा नमुना दशावतारी गंजिफांचा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांच्या जुन्या पत्त्यांचा. बाबराने १५२७ मध्ये सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. मोगली जोडात ८ रंग आणि ९६ पानं असत. दशावतारी जोडात रंग १०, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं, एकूण १२०. वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू, रामाच्या पानांवर बाण. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करणार, रात्री मांडला तर कृष्णाचा. सूर्यवंशी कोण आणि मध्यरात्री जन्मलेला कोण, हे पोराला वेगळं समजावायला नको. डाव सुरू करायचा तर ते ठाऊक असावंच लागतं. (दशावतार हा पुराणांचा विषय, महाकाव्यांपुरता नाही, हे खरं. ओडिशात मात्र राम-रावणाच्या सैन्यांचे गंजपा, म्हणजे तिथल्या गंजिफा, आहेत.) सावंतवाडीत ही कला विझत आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ती पुन्हा उभी केली.

सापशिडीचा पूर्वज मोक्षपटही याच घरातला. तो ज्ञानेश्वरांनी रचला असं सांगतात, पण हाती आलेले पट त्यांच्या कितीतरी नंतरचे आहेत. इंग्लंडहून सापशिडी होऊन तो परत आला, तेव्हा घरांची नावं गळाली होती आणि नुसते आकडे उरले होते.

१९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली. त्यामागचा किस्साही खेळाचाच: दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देव ठाऊक होते, रामाच्या आईचं नाव येईना. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ आलं. अर्जुनाचा शंख कोणता, भीमाचा मुलगा कोण, अशा प्रश्नपत्त्यांना त्यामुळे आयतं गिऱ्हाईक मिळालं असणार. माझ्या मते इथेच काहीतरी हरवलं. गंजिफात गोष्ट नियमात होती, इथे ती उत्तरात गेली, आणि उत्तर पाठ झालं की खेळ संपतो.

पडद्यावर वेगळाच पेच. २००९ मध्ये हैदराबादच्या कंपनीने प्लेस्टेशन २ साठी हनुमानाचा गेम काढला. देवाला बटणांनी नाचवायचं, यावर अमेरिकेतल्या एका हिंदू नेत्याने हरकत घेतली. गंजिफात रामाच्या पानाने हात मारताना हा प्रश्न फारसा उठत नसावा. तिथे देव हातात असतो, खेळणारा देव होत नाही.

पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळातून शिकण्यावर भर दिला आणि अशा खेळांना शाळेचं दार उघडलं. तरी रचनेचा जुना प्रश्न तसाच आहे. चक्रव्यूह म्हणून मुलांना सर्रास भूलभुलैया दिला जातो आणि बाहेर पडणारा जिंकतो. अभिमन्यूला आत शिरता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं, आणि हे सांगूनच तो आत गेला. त्या खेळातल्या मुलाला मात्र बाहेरची वाट आधीच आखून ठेवलेली असते.