इंग्रजी उतारा न वाचता उत्तरे सापडतात का?

माध्यमिक शाळेच्या अंतिम परीक्षेआधी एक सल्ला वर्षानुवर्षे फिरत असतो: इंग्रजीचा उतारा वाचण्यात वेळ घालवू नका, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवा.

हा सल्ला खरा वाटतो, कारण नाव, ठिकाण किंवा वर्ष विचारणाऱ्या सरळ प्रश्नांना तो बहुधा लागू पडतो. मात्र कारण, अनुमान किंवा आशय विचारला की तो फसतो. समजा, उताऱ्यात अशी वाक्ये आहेत: ‘द फार्मर शाउटेड ॲट द बॉइज. दे थॉट ही वॉज अँग्री. ही हॅड सीन अ स्नेक निअर देअर फीट.’ शेतकरी का ओरडला, या प्रश्नातला ‘शाउट’ पहिल्या वाक्यात सापडतो; पण तिथे कारण नाही. दुसऱ्या वाक्यात मुलांचा गैरसमज आहे, आणि घाईत नेमका तोच उत्तर म्हणून लिहिला जातो. खरे कारण, म्हणजे साप, तिसऱ्या वाक्यात आहे, जिथे प्रश्नातला एकही महत्त्वाचा शब्द नाही.

पडताळणी घरीच करता येते. उत्तरसूची असलेला जुना उतारा घ्यावा, आधी केवळ शब्द शोधून उत्तरे लिहावीत, मग उतारा सलग वाचून तीच उत्तरे वेगळ्या कागदावर पुन्हा लिहावीत आणि शेवटी दोन्ही कागद उत्तरसूचीशी ताडून कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत फरक पडला ते पाहावे. प्रश्न आधी नजरेखालून घालायला काहीच हरकत नाही, उलट त्याने वाचनाला दिशा मिळते. फक्त त्यानंतर उतारा पूर्ण वाचायला हवा.