रानजायफळाला डोंगर कोण चढवणार?

गोव्यात वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यातल्या बांबर गावात निरंकार देवाची राई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आहे. चपला बाहेर काढून आत शिरलं की पाय थेट थंड चिखलात जातात. मे महिन्यात बाहेर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, तापून लाल झालेला असतो, आत मात्र झऱ्याचं पाणी खुळखुळत असतं. चिखलातून मुळांचे बाक वर येऊन पुन्हा खाली गेलेले दिसतात, कुणी गुडघे मुडपून बसावं तसे. साचलेल्या चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळं श्वासासाठी बाहेर डोकावतात. गावातल्या एका आजोबांना या जागेबद्दल विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "हांगा बारा म्हयने उदक आसता."

त्या एका वाक्यात या राईचं सगळं जीवशास्त्र आलं. इथली झाडं रानजायफळाच्या कुळातली, आणि हे कूळ सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या कुळांपैकी एक. अशा गोड्या पाण्याच्या जायफळ-दलदली केरळात आहेत, उत्तर कन्नडात आहेत, गोव्यात आहेत. गोव्याची हद्द ओलांडली की दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे आणखी एक लागते. जेमतेम २.५९ हेक्टरची ही जागा महाराष्ट्राने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सह्याद्रीत उत्तरेकडे जावं तसा कोरडा काळ लांबत जातो. केरळच्या दक्षिण टोकाला तो दोन-तीन महिन्यांचा, आपल्याकडे सहा महिन्यांच्या वर. थोडक्यात, आपली रानजायफळं आपल्या मुलखाच्या कडेवर उभी आहेत, आणि तीही केवळ झऱ्याच्या जोरावर.

मग हवामान बदललं तर या झाडांनी जायचं कुठे?

झाड जागचं हलत नाही, पण झाडाची जात हलते. एका कडेला नवी रोपं रुजतात, दुसऱ्या कडेला जुनी झाडं मागे रोप न ठेवता मरतात. दोन-चार पिढ्यांत ती जात सरकलेली असते. म्हणूनच उंच, डेरेदार झाड पाहून समाधान मानू नये. ते कदाचित शंभर वर्षांपूर्वीच्या हवेत रुजलेलं असतं. आजची हवा त्याच्या जातीला मानवते की नाही, हे त्याच्या बुंध्याशी वाकून पाहिल्यावर कळतं: तिथे रोपं आहेत का?

हे सरकणं मोजलंही गेलं आहे. पश्चिम युरोपातल्या डोंगरांवर जंगलातल्या १७१ वनस्पतींच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या सरासरीने दर दशकाला २९ मीटर वर चढल्याचं दिसलं. हा अभ्यास २००८ चा. उंची वाढते तसं तापमान दर १०० मीटरला साधारण ०.६ अंशाने उतरतं. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी १८५०-१९०० च्या तुलनेत सरासरी १.१ अंशाने तापलेली होती. तेवढाच गारवा परत हवा असेल, तर ढोबळ हिशेबाने १८० मीटर वर जायला हवं. युरोपातल्या झाडाला उत्तरेकडे सरकूनही गारवा मिळतो. आपल्या पट्ट्यात शेकडो किलोमीटर उत्तरेला गेलं तरी हवा फारशी निवत नाही, उलट कोरडे महिने तेवढे वाढतात. म्हणजे आपल्याला वाट एकच, वरची. आणि गोव्याचा सह्याद्री काही फार उंच नाही. सत्तरीतला सोसोगड हे आपलं सर्वांत उंच शिखर, हजार मीटरच्या थोडं वर. माथा ओलांडून बेळगावच्या अंगाला उतरलं की पाऊस झपाट्याने कमी होतो.

आता रानजायफळाचं बी पाहा. फळ उकललं की आत लालभडक पत्रीत, म्हणजे बीवरच्या आवरणात, गुंडाळलेलं टपोरं बी दिसतं. ते वाळवून ठेवता येत नाही, सुकलं की थोड्याच दिवसांत मरतं. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पडलं तर पाणी ते वाहून नेतं, पण खाली. वर नेणारा मुख्यतः धनेश. आपल्याकडे त्याला माडगरूडही म्हणतात. तो पत्रीसाठी बी गिळतो आणि दूर कुठेतरी बसून ते ओकून टाकतो. क्लेमंट रीड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हाच हिशेब ओकबद्दल मांडला होता. हिमयुगानंतर ओक ब्रिटनच्या उत्तरेपर्यंत नुसता आपल्या बळावर गेला असता, तर त्याला दहा लाख वर्षं लागली असती. प्रत्यक्षात तो काही हजार वर्षांत पोचला, कारण पक्ष्यांनी त्याची फळं नेली. पण धनेशाला घरटं करायला मोठ्या, जुन्या झाडाची ढोली लागते. ती झाडं गेली की बी खालीच राहणार.

आणि बी वर पोचलं तरी पुढे काय? दलदलीला सपाट जागा लागते, बारमाही पाणी लागतं. डोंगराच्या उतारावर ते कुठून येणार? रानजायफळाची एखादी जात सावलीतल्या व्हाळाकाठी तग धरेलही, पण अख्खी राई, तिच्यातल्या बेडकांसकट आणि चतुरांसकट, एकत्र उठून जात नाही. हिमयुगानंतर गाळात साचलेले परागकण तपासले तेव्हाही हेच दिसलं होतं: प्रत्येक जात आपापल्या वेगाने, आपापल्या वाटेने गेली.

रानमोडी या बाहेरून येऊन माजलेल्या झुडपाला यातली कसलीच अडचण नाही. तिचं बी वाऱ्यावर उडतं आणि कुठल्याही उघड्या जागी रुजतं.

खाली मांडवीच्या काठी, चोडणला, हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. कांदळाचं, म्हणजे खारफुटीच्या झाडाचं, बी झाडावरच रुजतं, हिरव्या भाल्यासारखी लांब शेंग होऊन पाण्यात पडतं आणि भरतीबरोबर नवी जागा शोधतं. समुद्र चढेल तसा कांदळही आत सरकेल. मात्र आत खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचे, बांध आहेत, रस्ते आहेत. बांध फुटला तर कांदळ शेतात शिरतो आणि शेतकऱ्याचं भात जातं. ही कोंडी सोपी नाही, आणि तिच्यात शेतकऱ्याला खलनायक ठरवणं मला मान्य नाही.

राईसाठी मात्र काय करायचं ते बरंच स्पष्ट आहे. झऱ्याच्या वरच्या अंगाची झाडी तोडू नये आणि तिथे बोअर मारू नये, हे पहिलं. ढोल्या असलेली जुनी झाडं राखावीत. आणि धनेश कमी पडत असेल तर त्याचं काम आपण करावं: ताजं बी ओल्या मातीतून न्यायचं, सावलीत पिशवीत रुजवायचं आणि दोन-तीन पावसाळ्यांनी वरच्या व्हाळाकाठी लावायचं. बी वेचल्यापासून मातीत जाईपर्यंत हाताशी फार दिवस नसतात, एवढं ध्यानात ठेवावं.