हिवतापातील स्वप्रतिरक्षाजन्य रक्तक्षय

हिवताप म्हणजेच मलेरिया झालेल्या रोग्याच्या शरीरात स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे एरवी जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिने) तयार होऊन होणारा किंवा बळावणारा रक्तक्षय. हिवतापातल्या रक्तक्षयाचे हे एकमेव कारण नव्हे. मात्र जंतूने थेट केलेल्या नाशापेक्षा रक्त कितीतरी अधिक का घटते, याचा उलगडा त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही.

प्लाझमोडियम जंतू तांबड्या पेशीत शिरतो, हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. रक्तक्षयाचे कारण एवढेच असते, तर जितक्या पेशी बाधित तितक्याच गमावल्या असत्या. प्रत्यक्षात हिशेब जुळत नाही. प्लाझमोडियम फाल्सिपेरमच्या संसर्गात नष्ट होणाऱ्या प्रत्येक बाधित पेशीमागे सुमारे ८ अबाधित पेशी जातात, तर प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकाराच्या संसर्गात सुमारे ३४, असे अंदाज आहेत. त्यांना आधार मिळाला तो एका आता विचित्र वाटणाऱ्या उपचारपद्धतीच्या नोंदींचा. प्रतिजैविके येण्यापूर्वी मेंदूच्या उपदंशावर उपाय म्हणून रुग्णांना मुद्दाम हिवताप देत असत आणि या शोधासाठी यूलिउस वाग्नर-याउरेग यांना १९२७ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. अशा रुग्णांच्या रक्तातील जंतूंची गणना रोजच्या रोज लिहून ठेवली जाई. व्हायव्हॅक्सचा आकडा विशेष बोलका आहे. हा जंतू जवळजवळ फक्त अपक्व तांबड्या पेशींतच शिरतो आणि अशा पेशी रक्तात एरवी १-२ टक्क्यांहून अधिक नसतात. तरीही त्याने होणारा रक्तक्षय तीव्र असू शकतो.

अबाधित पेशींवर संशय कसा येतो, याचे आज बरेच अभ्यासले गेलेले उत्तर फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदद्रव्याशी निगडित आहे. निरोगी पेशीत ते पेशीच्या पटलाच्या (बाह्य आवरणाच्या) आतल्या थरात असते. संसर्गाच्या काळात ते काही अबाधित पेशींच्याही बाहेरच्या थरावर येते. त्याला प्रतिपिंडे चिकटली की प्लीहेतील भक्षक पेशी ती तांबडी पेशी गिळतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्लाझमोडियम योएली या जंतूने बाधित उंदरांत ही साखळी तपासली गेली. प्रतिपिंडांना फॉस्फॅटिडिलसेरीनशी जोडू दिले नाही, तेव्हा रक्त लवकर भरून आले. हिवतापाच्या रुग्णांत या प्रतिपिंडांची वाढलेली पातळी आणि रक्तक्षय यांचा संबंध आढळला आहे. पण माणसात असा अटकाव करून पाहिलेला नसल्याने तिथला पुरावा सहसंबंधाचाच आहे.

ही प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नेहमीच्या नसतात. बाधित पेशी फुटल्यावर सांडलेला जंतूचा डीएनए बी-पेशींतील टीएलआर-९ या ग्राहकाला (संकेत ओळखणाऱ्या प्रथिनाला) जागे करतो, जोडीला इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनाचा संदेश मिळतो आणि टी-बेट हे जनुकांचे नियमन करणारे प्रथिन असलेल्या बी-पेशी तयार होतात. वारंवार हिवताप होणाऱ्या लोकांत दिसणाऱ्या ‘असामान्य’ बी-पेशी याच जातकुळीतल्या. ल्युपससारख्या स्वप्रतिरक्षा विकारांतही त्यांच्यासारख्या पेशी आढळतात.

पेशीवर चिकटलेले प्रत्येक प्रतिपिंड स्वतःविरुद्धचेच असते, असे मात्र नाही. जंतूची काही प्रथिने अबाधित पेशींच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे त्या पेशींनाही गोत्यात आणतात. पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडे व पूरक प्रथिने (प्रतिपिंडांच्या जोडीने काम करणारी रक्तातील संरक्षक प्रथिने) हुडकणारी थेट कूम्ब्स चाचणी १९४० च्या दशकापासून वापरात आहे. गॅम्बियातील हिवतापग्रस्त मुलांत ती अनेकदा होकारार्थी आली, पण बऱ्याच पेशींवर केवळ पूरक प्रथिनेच होती. म्हणून निव्वळ होकारार्थी कूम्ब्स चाचणीवरून स्वप्रतिरक्षेचे निदान करणे घाईचे ठरते.

पेशींचा नाश ही एक बाजू झाली. दाहामुळे वाढलेले हेप्सिडिन हे संप्रेरक लोह अडवून ठेवते आणि हिमोझोइन हे जंतूचे रंगद्रव्य अस्थिमज्जेतील नवनिर्मिती मंदावते. त्यामुळे गेलेल्या पेशींची भरपाई वेळेवर होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार, १२ वर्षांखालील मुलांत जंतूंच्या ठरावीक संख्येसोबत हिमोग्लोबिन डेसिलिटरला ५ ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर तो तीव्र हिवतापजन्य रक्तक्षय. प्रौढांसाठी ही मर्यादा ७ ग्रॅम आहे.

जंतू नाहीसे झाल्यावरही रक्तक्षय काही आठवडे टिकू शकतो. मात्र शिरेतून आर्टेसुनेट हे हिवतापाचे औषध दिल्यानंतर साधारण एका आठवड्याने किंवा त्याहून उशिरा दिसणारे रक्तविघटन मुख्यतः वेगळ्या कारणाने होते. औषधाने मेलेला जंतू प्लीहा पेशीतून उपसून काढते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. अशा पेशी अल्पायुषी असतात व पुढे एकदमच नष्ट होतात. काही रुग्णांत तेव्हा कूम्ब्स चाचणीही होकारार्थी येते आणि स्टेरॉइड देण्याचा मोह होतो, पण त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. उपचाराची भिस्त हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवण्यावर आणि गरज पडल्यास रक्त देण्यावरच असते.